जुना बेस ॲम्प दुरुस्त करायचाय? आधी कान, मग स्क्रूड्रायव्हर

गणपती बसायला आठ-दहा दिवस उरले की माझ्या मागच्या खोलीत बेस गिटारचे ॲम्प्लिफायर, म्हणजे ॲम्प, यायला लागतात. कुणी ऑर्केस्ट्रावाला, कुणी मिरजेच्या चर्चमध्ये वाजवणारा, कुणी कॉलेजच्या बँडमधला. तक्रारी तीनच असतात. "आवाजच नाही", "नुसता घुंऽऽ करतोय" आणि "मधेच जातो, मारला की येतो". तिसरी तक्रार सांगणारा माणूस ॲम्पला नेमकं कुठं मारायचं तेही करून दाखवतो. ती जागा मी खडूनं खूण करून ठेवतो. बिघाड बहुतेक वेळा तिथून वीतभर अंतरात सापडतो.

माझं दुकान नाही. सांगलीत बेस वाजवता वाजवता स्वतःचा ॲम्प उघडावा लागला आणि मग सवय लागली. ज्यानं आजवर फार तर प्लगच्या वायरी बदलल्यात, त्याच्यासाठी हे लिहितोय.

ॲम्प कुठल्या जातीचा?

मागच्या जाळीतून आत बघा. काचेच्या नळ्या दिसल्या तर तो व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचा ॲम्प. फेंडरचा बेसमन १९५२ मध्ये आला तो या जातीचा, आणि १९६९ चा अँपेगचा एसव्हीटी तर चौदा ट्यूबांचा, ३०० वॅटचा. आपल्याकडं असले नग क्वचित येतात. आलाच तर नवख्यानं बाहेरचा फ्यूज आणि जॅक तपासावा, फार तर ॲम्प पूर्ण थंड झाल्यावर ट्यूब सॉकेटात नीट बसवावी आणि तिथंच थांबावं. आत ४०० व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, दबा धरून बसतात. अजून एक: ट्यूबचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला स्पीकर नसला तरी चालतं, पण आउटपुटचं शॉर्ट त्याला सहन होत नाही.

नळ्या नसल्या तर तो ट्रान्झिस्टरचा. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

उघडण्याआधी अर्धा तास

लोक इथंच घाई करतात. ॲम्प आला की पहिल्यांदा स्क्रू काढतात. मी आधी नुसता ऐकतो. मिरजेत तानपुऱ्याची जवारी काढणारा, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर खुलवणारा कारागीर कानस हातात घेण्यापूर्वी तार कितीदा छेडतो ते एकदा बघून या. घोडी एकदा जास्त घासली गेली की परत भरता येत नाही. ॲम्पचं तसंच. उघडल्यावर वायर हलते, जॅक हलतो, आणि जो बिघाड ऐकू येत होता तो गायब होतो. मग चार दिवसांनी मांडवात, ऐन आरतीला परत येतो.

गिटार, केबल आणि भिंतीतला सॉकेट आधी बदलून बघा. सांगायला लाज वाटते, पण माझ्याकडं आलेल्या "बंद" ॲम्पांपैकी बरेच केबल बदलल्यावर चालू झालेत. ॲक्टिव्ह बेस असेल तर त्यातली नऊ व्होल्टची बॅटरी बघा. स्पीकरला जाणारी वायर गिटारचीच केबल आहे का तेही बघा. दिसायला दोन्ही सारख्या, पण गिटारच्या केबलमधली मधली तार नाजूक असते. तिच्यातून स्पीकरचा करंट पाठवला तर ती तापते, कधीकधी शॉर्ट होते आणि जाताना ॲम्पलाही घेऊन जाते.

आता सगळ्यात कामाची युक्ती. ॲम्पच्या मागे "सेंड" आणि "रिटर्न" असे दोन जॅक असतील तर ॲम्पचे न उघडता दोन भाग करता येतात. गिटार नेहमीच्या इनपुटला लावून सेंडमधून दुसऱ्या चालू ॲम्पला केबल न्या. तिकडं स्वच्छ आवाज आला तर प्रीॲम्प, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनचा भाग, ठीक. मग फोनमधलं गाणं अगदी बारीक आवाजात रिटर्नमध्ये सोडा. वाजलं तर पॉवर ॲम्प, म्हणजे स्पीकर हलवणारा भाग, आणि स्पीकरही ठीक. दोन्ही ठीक असून ॲम्प मुका असेल तर सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी केबल जोडा.

इथं माझीच फजिती सांगतो. पंधरा इंची स्पीकरचा एक कॉम्बो, म्हणजे सर्किट आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला ॲम्प, आला होता. अर्धा तास वाजला की आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा व्हायचा, वर थाप मारली की परत. मी ठरवून टाकलं, तापल्यावर जातोय म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर. जोडी बदलली, पेस्ट लावली, दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी तोच आजार. शेवटी वैतागून सेंड-रिटर्नमध्ये वीतभर केबल खुपसली आणि आवाज ठणठणीत. रिटर्नच्या जॅकमध्ये एक पातळ पत्र्याची पट्टी असते. काही लावलेलं नसताना तीच प्रीॲम्पचा आवाज पुढं पोचवते. वर्षानुवर्षं त्या जॅकमध्ये कुणी काही लावत नाही, पट्टीवर काळा थर चढतो, आवाज तिथंच अडतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून जॅक दहा-पंधरा वेळा आत-बाहेर केला की काम झालं. तेव्हापासून "मधेच जातो" म्हटलं की पहिली केबल मी तिथं लावतो.

घुंऽऽ कुठला?

हमिंग ऐकायला बेसवाल्यासारखा माणूस नाही, कारण मोजायचं यंत्र त्याच्या गळ्यातच असतं. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. बेसच्या ई तारेवर तिसरा फ्रेट दाबला की जी वाजतो, तो ४९ हर्ट्झचा. मोकळी जी तार ९८ ची. गिटार ट्यून करा, ॲम्पचा घुंऽऽ चालू ठेवा आणि हे दोन सूर आळीपाळीनं वाजवा.

हम ई तारेवरच्या खालच्या जी ला मिळाला, जरासा चढा, तर तो ५० चा. तो बाहेरून आत शिरलाय: केबलची जाळी तुटलीय, जॅकची अर्थ सुटलीय, नाहीतर गिटार ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळ आहे. हम मोकळ्या जी तारेला मिळाला तर तो १०० चा. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर विजेच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून त्याच्यापुढच्या कपॅसिटरनं जे गाळायचं ते १०० हर्ट्झचं असतं. कपॅसिटर सुकला की गाळणी फाटते. मात्र रेक्टिफायरच्या ब्रिजमधला (चार डायोडांच्या जोडणीतला) एखादा डायोड उडाला असेल तर पुन्हा ५० ऐकू येतं. त्यामुळं सूर हा पुरावा आहे, निकाल नाही.

जोडीला व्हॉल्यूम शून्यावर आणा. हम गेला तर उगम व्हॉल्यूमच्या आधी. तसाच राहिला तर पुढं, पॉवर ॲम्पमध्ये किंवा सप्लायमध्ये.

हम घालवायला प्लगची अर्थ पिन काढून टाकणारे महाभाग गावोगाव आहेत. हम जातोही. पण मग ॲम्पमध्ये फेज बॉडीला लागला तर तो गिटारच्या तारांवर येतो, आणि वाजवणाऱ्याचे ओठ माइकला टेकले की सर्किट पूर्ण होतं. मांडवातल्या तात्पुरत्या वायरिंगला अर्थ असतेच असं नाही, म्हणून तिथं मी टेस्टर घेऊनच जातो. तीन पिनचा प्लग तोडलेला ॲम्प आला तर पहिलं काम प्लग बदलण्याचं, दुरुस्ती नंतर.

अमेरिकेहून कुणी आणलेला १२० व्होल्टचा जुना ॲम्प असेल तर त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याच्यावर दोन पिनचा प्लग आणि "ग्राउंड"चा खटका असेल तर आत फेजपासून बॉडीपर्यंत एक कपॅसिटर जोडलेला असतो. तो शॉर्ट झाला की बॉडीला सरळ वीज. जाणकाराकडून तो काढून तीन पिनची वायर घालून घ्या, मगच तारेला हात लावा.

आता उघडूया

सामान फार लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर, २५ आणि ६० वॅटचे सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं रेझिनवालं सोल्डर, कॉन्टॅक्ट क्लीनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, आणि १०० ओहम १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर. त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिपा लावून ठेवा. शिवाय एक सिरीज बल्ब.

सिरीज बल्बचा बोर्ड वायरमनकडून करून घ्या. फेजच्या मध्ये होल्डर, पुढं सॉकेट, होल्डरमध्ये १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी चालत नाही. ॲम्पमध्ये पूर्ण शॉर्ट असला तरी हा बल्ब अर्ध्या ॲम्पिअरच्या आतच करंट जाऊ देतो, सामान वाचतं. ॲम्प लावल्यावर बल्ब भपकन लागून मंद झाला तर बरं चाललंय. लख्ख जळत राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लग हातात दिसला पाहिजे. चेसिस, म्हणजे सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा, बाहेर काढा. मोठे कपॅसिटर, साधारण ४७०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्ट वगैरे, डब्यासारखे उभे दिसतील. प्रत्येकाच्या दोन टोकांना रेझिस्टरच्या क्लिपा पाचेक सेकंद लावा, मग मीटरनं बघा. एक व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट नाही. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे उस्ताद असतात. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरची टोकं बघा, चावल्यासारखी असतात.

चालू ॲम्पवर मोजताना मीटरची काळी क्लिप चेसिसला अडकवून ठेवा, लाल टोक एका हातात, दुसरा हात खिशात. पायात चप्पल. अंगठी, कडं काढून ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला २३० व्होल्ट असतात. तिकडं चालू असताना जायचंच नाही.

उघडल्यावर नुसतं बघायला दहा मिनिटं द्या. मार्केट यार्डाजवळच्या गोदामात पडून असलेला एक ॲम्प उघडला तर आत सगळीकडं हळद. फॅन नव्हता, तरी इतकी हळद कुठून गेली देव जाणे. ब्रशनं झाडली, बोटं दोन दिवस पिवळी. पाल चिकटून मेलेली, मुंग्यांचं वारूळ, झुरळाची अंडी, हे सगळं सापडतं, आणि सापडलं तर बिघाड बहुधा तिथंच असतो. कपॅसिटरचं डोकं फुगलंय का, बुडाशी ओल आहे का बघा. मोठ्या सामानाखाली लावलेला पिवळा गोंद जुना होऊन तपकिरी झाला असेल तर खरवडून काढा. तो वीज वाहू लागतो आणि तारा खातो.

फ्यूजची काचही बोलते. आतली तार नुसती मधे तुटलेली असेल तर वयानं गेली असू शकते. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत मोठा शॉर्ट आहे. नवा टाकला तर तोही उडेल. लिहिलंय त्याच ॲम्पिअरचा फ्यूज घाला. आकड्याआधी "टी" असेल तर सावकाश उडणारा हवा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार असलेला ॲम्प दिसला तर त्याआधी तो ज्यांच्या हातून गेला त्यांना मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणा आणि होल्डर बदला.

ड्राय सोल्डर

बेस ॲम्पात ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरचा तडकलेला जोड, इतका का सापडतो? बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला हलते. कॉम्बोमध्ये सर्किट आणि स्पीकर एकाच पेटीत, म्हणजे सर्किट वीस वर्षं भूकंपात राहतं. जॅक, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या फिरत्या बटणामागचा भाग), मोठे कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मरच्या पिना अशा जड सामानाच्या पायाशी सोल्डरला बारीक गोल चीर पडते. डोळ्याला दिसत नाही. फोनचा कॅमेरा मोठा करून, बाजूनं टॉर्च मारून बघा: पिनेभोवती चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसेल.

ती दिसली तर वरून नुसतं सोल्डर थापू नका. जुनं काढून घ्या, पीन अल्कोहोलनं पुसा, आयर्नचं टोक पीन आणि पत्रा दोन्हीला एकदम टेकवा, दोन-तीन सेकंद, मग सोल्डर जोडाला लावा, आयर्नला नाही. चकचकीत, उतरता डोंगर झाला पाहिजे. मण्यासारखा गोळा झाला तर परत करा. चीर सापडत नसेल तर ॲम्प चालू ठेवून कोरड्या लाकडी काडीनं एकेका भागावर हलकं टकटक करा. जिथं स्पीकरमधून कडकड येईल तिथं थांबा. लाकडीच काडी, पेन्सिल नको. शिसं वीज वाहतं.

पॉट फिरवताना खरखर येत असेल तर पॉटच्या फटीतून क्लीनर मारून वीस वेळा इकडून तिकडं फिरवा. गाड्यांना मारायचा गंजाचा स्प्रे इथं नको, तो तेलकट थर ठेवतो. आठवड्यात खरखर परत आली तर दोष पॉटचाच असेल असं नाही. त्याच्या आधीचा कपॅसिटर गळून पॉटवर डीसी येत असेल.

मुका ॲम्प

स्पीकरची वायर काढा, सिरीज बल्ब लावा, मीटर डीसीवर घेऊन स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. वीस-तीस व्होल्ट दिसले तर बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. स्पीकर जोडला असता तर कॉइल जळली असती. ज्या ॲम्पात चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी रिलेची (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या खटक्याची) टिक् येते, तिथं ती टिक् न येणं हीच खूण. मात्र बल्बमुळं व्होल्टेज कमी पडूनही रिले गप्प राहू शकतो, तेवढं ध्यानात ठेवा.

जुन्या ॲम्पात आउटपुटला बऱ्याचदा २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर सापडतो: शंकरपाळ्याच्या आकाराचा, धातूचा, हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) दोन स्क्रूंनी बसवलेला. वीज बंद, कपॅसिटर रिकामे, मीटर डायोडच्या खुणेवर. धातूचं कवच म्हणजे कलेक्टर, खालचे दोन पाय म्हणजे बेस (हा ट्रान्झिस्टरचा, गिटारचा नाही) आणि एमिटर. बेसपासून एमिटरपर्यंत आणि बेसपासून कलेक्टरपर्यंत ०.५ ते ०.७ दिसायला हवं. कलेक्टर-एमिटरमध्ये मीटर पीऽऽ वाजला तर तो गेला. सर्किटात मोजताना फसगत होते, शंका आली तर काढून मोजा.

एक गेला तरी जोडी बदला. शेजारचे पांढरे सिमेंटचे रेझिस्टर, ०.३३ किंवा ०.४७ ओहमचे, आणि आधीचे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासा. हे न बघता नवी जोडी टाकली तर पहिल्याच सुराला तीही जाते. बसवताना अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट पातळ लावा, पोळीला तूप लावतो तेवढीच. शेवटी कवच आणि हीटसिंकमध्ये मीटर वाजत नाही ना ते बघा.

आउटपुट ठीक आणि प्रीॲम्प मुका असेल तर आठ पायांची आयसी शोधा, ४५५८ किंवा टीएल०७२. चौथ्या पायावर उणे पंधरा, आठव्यावर अधिक पंधराच्या आसपास, पहिल्या आणि सातव्यावर शून्याजवळ. पंधरा नसतील तर आयसीला दोष देऊ नका. आधी सप्लायमधला तापून काळा पडलेला रेझिस्टर आणि व्होल्टेज ठरावीक ठेवणारा झेनर डायोड बघा. आयसी बदलायचीच वेळ आली तर सॉकेट घाला.

स्पीकर

८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ च्या आसपास दाखवतो, घाबरू नका. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की कोन हलून टप् असा आवाज आला पाहिजे. दोन्ही हातांची बोटं कोनवर समान पसरून हळू आत दाबा. खर्रर्र घासल्यासारखं लागलं तर कॉइल जागेवरून सरकलीय. ती घरी करायची गोष्ट नाही. लाउडस्पीकरची कॉइल भरून देणारे कारागीर सांगली-मिरजेत आहेत, त्यांच्याकडं द्या आणि बेसचा आहे हे सांगा. कोनला छोटी चीर असेल तर टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेविकॉल दोन्ही बाजूंनी लावून रात्रभर सुकवा.

एकाच सुराला खडखड येत असेल तर दरवेळी स्पीकर दोषी नसतो. फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश न्या आणि हातानं पेटी चाचपडा. जाळी, हँडल, नावाची पट्टी, कधी पेटीत पडलेलं पिक. एकदा तर खडखड ॲम्पची नव्हतीच, आमच्या मांडणीवरचं पितळेचं ताट वाजत होतं.

पुरात भिजलेला ॲम्प

हे सांगलीत लिहावंच लागतं. आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडं निघालं की आमच्याकडं गाद्यांच्या आधी ॲम्प माडीवर जातात. २०१९ च्या ऑगस्टनंतर गावभागातून, सांगलवाडीतून आलेले ॲम्प बघितले. जे "सुकलाय का बघू" म्हणून प्लग लावून पाहिलेले, ते बहुतेक गेले. ज्यांना कुणी हात लावला नव्हता त्यातले काही वाचले.

गाळ वाळून कडक व्हायच्या आत चेसिस स्वच्छ पाण्यानं धुवा. हो, पाण्यानंच. मग अल्कोहोलनं. सावलीत, पंख्याखाली दोन-तीन आठवडे. ट्रान्सफॉर्मरच्या आतली ओल सगळ्यात शेवटी जाते, म्हणून वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन तपासून घ्या, मगच सिरीज बल्ब. पेटी भुशाच्या बोर्डाची असेल तर ती फुगते, तिच्यावर वेळ घालवू नका. प्लायवूडची नवी करून घ्या. भिजलेला स्पीकर क्वचितच पूर्वीसारखा वाजतो.

सामान आणि शेवटची परीक्षा

रेझिस्टर, फ्यूज, कपॅसिटर गावात मिळतात. पॉवर ट्रान्झिस्टरसाठी मी पुण्यात तपकीर गल्लीत जातो किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला कुणी निघालं तर यादी देतो. नकली माल भरपूर आहे. हातात हलका लागला किंवा थिनरच्या बोळ्यानं छपाई निघाली तर परत करा. कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ डिग्रीचा. उणेची पट्टी दोनदा तपासा. उलटा लागला तर फुटतो, आणि डोळे त्याच्या रेषेत असतात.

सगळं जोडून झालं की आधी सिरीज बल्बवर, मग आउटपुटचं डीसी मोजून थेट. पहिला अर्धा तास एखादा जुना, फुटला तरी चालेल असा स्पीकर लावा. मग स्वतःचा स्पीकर, आणि निदान तासभर वाजवा. ई तारेवर जोर द्या, दर दहा मिनिटांनी हीटसिंकजवळ हात नेऊन बघा. तासाभरात काही झालं नाही तर पेटी बंद करण्याआधी एका कागदावर तारीख, काय बिघडलं होतं आणि काय बदललं ते लिहून चेसिसच्या आत, ट्रान्सफॉर्मरपासून लांब चिकटवा. माझ्या पंधरा इंची कॉम्बोत असा कागद आहे. त्यावर लिहिलंय: "ट्रान्झिस्टर विनाकारण बदलले. रिटर्न जॅक साफ केला."